तकरिरीतला इब्न हैसम आणि गच्चीवरची काठी

दरवर्षी रबीउल अव्वलमध्ये, शाळेच्या स्नेहसंमेलनात, नाहीतर एखाद्या शिष्यवृत्ती वाटपाच्या कार्यक्रमात एक भाषण हमखास होतं. वक्ता बदलतो, मजकूर बदलत नाही. कॅमेरा मुसलमानांनी दिला, बीजगणित मुसलमानांनी दिलं, शस्त्रक्रियेची हत्यारं आमची, ताऱ्यांची नावं आमची. युरोप अंधारात चाचपडत होता तेव्हा बगदादला दिवे होते. पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवतात, 'सुभानअल्लाह' होतं, शाली निघतात, बिर्याणीची पाकिटं वाटली जातात आणि सगळे आपापल्या घरी जातात. घरी गेल्यावर त्यातल्या कुणी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून पलीकडे काय दिसतं ते बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. वक्त्याकडून तर तशी अपेक्षाच नको.

माझं भांडण या भाषणाशी आहे. त्यातला सगळा मजकूर खोटा आहे म्हणून नव्हे. बराचसा खरा आहे. पण हे भाषण ऐकून मूल विज्ञानाकडे जात नाही, अभिमानाकडे जातं. अभिमानाला काहीच करून बघावं लागत नाही, म्हणून तो आपल्याला स्वस्त पडतो.

ज्याच्या नावाने सगळ्यात जास्त टाळ्या घेतल्या जातात त्या इब्न अल-हैसमचंच घ्या. बसऱ्यात ९६५च्या सुमारास जन्मला, कैरोत १०४०च्या सुमारास वारला. 'किताब अल-मनाझिर' हा त्याचा प्रकाश आणि दृष्टीवरचा मोठा ग्रंथ. कॅमेरा त्याने 'शोधला' हे म्हणणं धाडसाचं आहे. बारीक भोकातून पडणाऱ्या उलट्या प्रतिमेच्या, ग्रहणात दिसणाऱ्या कोरींच्या नोंदी चीनमध्ये आणि ग्रीसमध्ये त्याच्या शेकडो वर्षं आधीच्या आहेत. मग त्याचं मोठेपण कशात? युक्लिड आणि टॉलेमीसारखी मोठी माणसं डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला शिवतात असं मानत होती. हा म्हणाला, प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. नुसतं म्हणून थांबला नाही. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर त्याने वेगवेगळ्या जागी दिवे ठेवले. आत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला की एकच ठिपका जायचा, बाकीचे जागच्या जागी. म्हणजे सगळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच भोकातून येऊनही एकमेकांत मिसळून गडबड करत नाही, सरळ रेषेत आपापल्या वाटेने जातो.

हा प्रयोग करायला काय लागतं? दोन मोबाइलचे टॉर्च, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, एक टाचणी आणि रात्री दिवा घालवलेली खोली. दहा मिनिटं. डावा टॉर्च झाकला तर कुठला ठिपका जाईल, हे मुलाला आधी विचारायचं. बहुतेक मुलं डावा म्हणतील. जातो उजवा. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही तकरिरीने आलेलं मी पाहिलेलं नाही.

टॉर्चही नको असेल तर पत्रा चालतो. आपल्या निम्म्या मोहल्ल्यांना पत्र्याचं छत आहे आणि त्या पत्र्यांना खिळ्यांची भोकं आहेत. दुपारी जमिनीवर उजेडाच्या गोल चकत्या पडलेल्या असतात. भोक चौकोनी असो, फाटकं असो, ते लहान आणि पुरेसं उंच असेल तर चकती गोलच पडते. का? कारण ती चकती म्हणजे भोकाचा आकार नाही, ते सूर्याचं चित्र आहे. गोवंडीतल्या, मालेगावातल्या, भिवंडीतल्या हजारो पोरांच्या पायाशी रोज दुपारी सूर्याचं चित्र पडतं. इब्न हैसमने ग्रहणाच्या आकारावर याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला होता. आपण त्या चकतीवर चटई टाकतो आणि त्याच्या नावाचा जयजयकार ऐकायला मैदानावर जातो.

दुसरा प्रकार याहून त्रासदायक. छोट्या पुस्तिका येतात, हल्ली फोनवर चित्रफिती येतात. त्यात एकेका वैज्ञानिक शोधासमोर एकेक आयत ठेवलेली असते. हे सगळं आमच्या ग्रंथात आधीच होतं, असा एकूण सूर. मला या लोकांना एकच विचारायचं आहे. आधीच होतं तर शोध लागण्याआधी एकानेही ते का नाही सांगितलं? प्रत्येक वेळी शोध तिकडे लागतो आणि आठवडाभरात आयत इकडे सापडते. यात ना ग्रंथाचा मान राहतो ना विज्ञानाचा. उद्या तो सिद्धांत सुधारला गेला तर आयतीचं काय करणार? दुसऱ्या बाजूला पुराणात विमानं शोधणारेही नेमका हाच धंदा करतात. आपल्याकडच्या मंडळींना त्यांच्यावर हसायला फार आवडतं, आरशात मात्र बघत नाहीत.

आता इतर वाचकांसाठी थोडं. मुसलमान मुलं आणि विज्ञान असा विषय काढला की समोरचा लगेच मदरशांवर येतो. सच्चर समितीचा २००६चा अहवाल काढून बघावा. शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी तीन-चार टक्के. बाकीची तुमच्याच मुलांसारखी जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांत आहेत. काही उर्दू, काही मराठी, हल्ली बरीचशी नावापुरत्या इंग्रजी माध्यमाच्या. आणि तिथे काय चालतं? प्रयोगशाळा असली तर तिला कुलूप असतं. किल्ली शिपायाकडे, शिपाई निवडणुकीच्या कामाला. नववी-दहावीचं प्रयोगाचं जर्नल फळ्यावरून उतरवलं जातं. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणसुद्धा उतरवून घेतात! ज्याने काचेची नळी हातात धरली नाही तो 'द्रावणाचा रंग बदलला असे आढळले' लिहितो आणि त्यावर सही होते. खोटी साक्ष द्यायला मुलं इथेच शिकतात. हा रोग धर्म विचारून होत नाही, पण ज्यांच्या घरी भरपाई करणारं कुणी नाही त्यांना तो जास्त खातो. आपली मुलं बहुसंख्येने त्यातली आहेत.

म्हणून मी म्हणतो, घरात सुरू करा. यावर लगेच बाजार हजर होतो. खोक्यातले प्रयोगसंच मिळतात, चकचकीत, हजार-दीड हजाराचे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तयार ज्वालामुखी विकत मिळतो, सोडा आणि व्हिनेगर टाकलं की फसफसतो, आणि बाप रिक्षाची एका दिवसाची कमाई त्यावर घालतो. अरविंद गुप्तांनी आयुष्यभर काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, स्ट्रॉ आणि फेकून दिलेल्या बाटल्यांतून खेळणी बनवून दाखवली. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. त्यांची पुस्तकं मराठीत आहेत, फुकट मिळतात. पण ज्याला किंमत नाही त्याला इज्जत नाही, असं आपलं गणित.

आणि संचाइतकीच खोटी ती 'शंभर सोपे प्रयोग' छापाची पुस्तकं. त्यातला एक प्रयोग तुम्ही नक्की केला असेल. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. खाली छापलेलं असतं: हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला, तेवढं पाणी वर आलं. अनेक गुरुजी हेच सांगतात. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा. त्याच ग्लासात पाणी आणखी वर चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच होता! मग? नीट बघितलं तर ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे निघालेले दिसतात. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या जास्त तर हवा जास्त तापणार, पाणी जास्त चढणार. पुस्तकातलं उत्तर पुस्तकातल्याच प्रयोगाने पाडता येतं, फक्त दोन मेणबत्त्या जादा लागतात. (मोठं माणूस शेजारी हवं, आणि ओढणी दूर.) ज्या मुलाने छापील उत्तर असं एकदा पडताना पाहिलं, ते पुढे फोनवर आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबेल, अशी माझी आशा आहे.

घरातली खरी प्रयोगशाळा स्वयंपाकघर आहे आणि तिथे राबणाऱ्या बाईला आपण कधी तज्ज्ञ मानत नाही. पांढऱ्या कुर्त्यावर सालनाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्याही अम्मीला विचारा. हळदीतला रंग आम्लात पिवळा राहतो, साबण, सोडा, चुना यांच्यासारख्या अल्कात लाल होतो. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. दहावीच्या पुस्तकातला दर्शक तो हाच, मसाल्याच्या डब्यात. कागदाच्या पट्ट्यांना हळदीचं पाणी लावून वाळवा आणि घरातल्या सगळ्या गोष्टी तपासायला पोरांना मोकळं सोडा: ताक, चिंच, राख, शाम्पू, खाण्याचा चुना, सरबत. त्याच अम्मीला हेही ठाऊक असतं की हळदीचा डाग उन्हात फिका होतो. ऊन की धुणं, नक्की कशाने? एकच डागाळलेला फडका कापून दोन तुकडे करा, दोन्ही सारखेच धुवा, एक उन्हात, एक सावलीत वाळवा. हे दोन तुकडे करणं म्हणजेच अर्धं विज्ञान. फरक एकाच गोष्टीत ठेवायचा, बाकी सगळं सारखं.

हळदीसारखंच जास्वंदीचं. आणि इथे विषय थोडा गंभीर होतो. आमिल, बाबा, 'बाहरी असर' उतरवणारे सगळ्या मोहल्ल्यांत आहेत. लिंबू कापतात, त्यातून 'रक्त' येतं, घरातली बाई घाबरते आणि पैसे मोजते. जास्वंदीच्या पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळून वाळू द्या आणि त्या सुरीने लिंबू कापा. फुलाचा रंग आम्लात लालभडक होतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा युक्त्या गावोगाव दाखवत आले आहेत. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, तो सगळ्या धर्मांच्या बाबांना लागू आहे. पण पोलीस ठाण्याची पायरी चढण्याइतकी हिंमत प्रत्येक घरात नसते. दहा वर्षांच्या मुलीने स्वयंपाकघरात लिंबू लाल करून दाखवलं तर निदान त्या घरातून तो बाबा रिकाम्या हाताने जाईल.

मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. प्रयोग घरात करायचे आहेत म्हटल्यावर काही सज्जनांना आनंद होईल, चला, मुलीला बाहेर पाठवायला नको. तसं अजिबात नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, मुंबईत नेहरू विज्ञान केंद्र आहे, तिथेही तिला न्यायचं आहे. घर ही सुरुवात आहे. आणि भाऊ प्रयोग करणार, बहीण ताटली धुणार, अशी वाटणी करणार असाल तर प्रयोग राहू द्या.

आता मला सगळ्यात आवडता प्रयोग. याला लागते एक सरळ काठी, ओळंबा, गच्ची आणि दिवसभराची चिकाटी. काठी सरळ उभी रोवा, दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सावली सगळ्यात आखूड होते ती वेळ घड्याळातली बारा नसते. मुंबईत ती साधारण साडेबाराच्या पुढेमागे येते आणि वर्षभर थोडी सरकते. नागपुरातल्या मामूंना फोन लावा, त्यांच्याकडे हाच क्षण जवळपास २५ मिनिटं आधी येऊन गेलेला असतो. रमजानमध्ये नागपूरचा इफ्तार मुंबईच्या आधी का, याचं उत्तर टाइमटेबलात न बघता खडूच्या खुणेत दिसतं. सावली बहुतेक वर्षभर दुपारी उत्तरेकडे पडते, पण मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दक्षिणेकडे. अधल्या दोन दिवशी ती जवळजवळ नाहीशीच होते.

आपण ज्याला जवाल म्हणतो तो हाच क्षण. पुढे अस्र. शाफईंच्या मते काठीइतकी सावली, अधिक दुपारची उरलेली सावली, झाली की अस्रची वेळ सुरू. हनफींच्या मते काठीच्या दुप्पट. कोकणातले मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. महाडचं पोर सुट्टीत सोलापूरला गेलं की त्याला अजान उशिरा ऐकू येते आणि ते चक्रावतं. दोन्ही खुणा त्याला गच्चीवर काढून दाखवा. मसलकांवर रात्ररात्र वाद घालणाऱ्या किती जणांनी ही सावली स्वतः मोजली असेल?

आणि किब्ला. आपल्या डोक्यात किब्ला म्हणजे सरळ पश्चिम. मुंबईहून तो पश्चिमेच्या साधारण दहा अंश उत्तरेला आहे. इतक्या फरकाने नमाजला बाध येत नाही असंच बहुतेक आलिम सांगतात, तेव्हा कुणी सफ मोडून भांडायला उठू नये. पण दिशा तपासायला फोनचं अॅप कशाला? २८ मेच्या आसपास, आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या मिनिटाला तुमच्या काठीची सावली काबाच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे रेघ ओढा, झाला किब्ला. १५-१६ जुलैलाही २ वाजून ५७ मिनिटांनी हीच संधी येते, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ.

थांबू नका, त्याच सावलीची लांबी मोजा. मुंबईत ३० सेंटीमीटरच्या काठीची सावली साधारण १८ सेंटीमीटर भरेल. कागदावर तसाच काटकोन त्रिकोण काढा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा: ३१ अंशांच्या जवळ. सूर्य मक्केत थेट माथ्यावर, आपल्याकडे माथ्यापासून ३१ अंश कललेला, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि मक्का यांच्यात ३१ अंशांचं अंतर. पूर्ण फेरा ३६० अंशांचा, सुमारे ४०,००० किलोमीटरचा. त्रैराशिक मांडा. साडेतीन हजार किलोमीटरच्या आत-बाहेर उत्तर येतं आणि ते बरोबर आहे. सातवीतल्या मुलीने काठी, पट्टी आणि कोनमापक घेऊन गच्चीवरून मक्केचं अंतर काढलं! यापेक्षा मोठा जलसा मला सुचत नाही.

हे काम अल-बिरुनीला आवडलं असतं. त्याने सावल्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. त्यात एका धर्मनिष्ठ माणसाची हकिगत येते. नमाजाची वेळ काढण्याचं उपकरण त्याने नाकारलं, कारण त्यावर रूमी लोकांचे महिने कोरले होते. बिरुनीचं उत्तर असं की रूमी लोक जेवतातही आणि बाजारात फिरतातही, मग तेही सोडून दे. हजार वर्षांपूर्वीचं हे उत्तर आजच्या काही व्हॉट्सअॅप गटांत टाकायची सोय नाही, लगेच बाहेर काढतील.

'याने मार्क वाढतील का?' असा प्रश्न येणार. मला माहीत आहे, येतोच. कदाचित पहिल्या वर्षी वाढणार नाहीत. जर्नल उतरवणाऱ्याला आपल्याकडे जास्त मार्क मिळतात. पण आपली मुलं दहावीनंतर विज्ञानाला घाबरून पळतात, कारण त्यांना ते परक्या घरातलं वाटतं. ज्याने गच्चीवर मक्केचं अंतर काढलं त्याला त्रिकोणमिती परकी वाटणार नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांना एक तारीख देऊन ठेवतो. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी मक्केत आणि जेद्दाहमध्ये खग्रास सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. त्या दिवशीही मोहल्ल्यात गरोदर बाईला सुरी हातात धरू देणार नाहीत, खिडक्या लावून बसवतील. प्रेषितांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी ग्रहण लागलं होतं. लोक म्हणू लागले, त्यांच्या मृत्यूनेच लागलं. दुःखात असलेल्या बापाने लोकांना सांगितलं की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही. सहीह बुखारीत हे आहे. तकरिरीत क्वचितच येतं.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, काळा चष्मा लावूनही नाही. पाठ सूर्याकडे करायची, पिठाची मोठ्या भोकांची चाळणी धरायची आणि सावली पांढऱ्या चादरीवर पाडायची. ऑगस्ट आहे, ढग असतील, एखादी फट मिळेपर्यंत गच्चीवर थांबावं लागेल. चाळणी आजच उन्हात धरून सराव करता येतो. त्या दिवशी चादरीवर काय दिसेल ते मुलांना आधी सांगू नका.